आधी अक्षर, मग आकडा

सुडोकूतल्या आकड्यांना आकडे म्हणून काहीच काम नसतं. बेरीज नाही, वजाबाकी नाही. १ ते ९ ऐवजी नऊ फळं काढली तरी कोडं तसंच सुटतं. त्यामुळे शब्द-सुडोकू, म्हणजे चौकटींत नऊ अक्षरं आणि सुटल्यावर एखाद्या ओळीत किंवा कर्णावर उमटणारा शब्द, ही मागाहून सुचलेली हौस वाटते. कूळ शोधायला गेलं की क्रम उलटा निघतो.

१७७९ साली गणितज्ञ ऑयलरने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे ३६ अधिकाऱ्यांचं कोडं मांडलं. सहा पलटणी, सहा हुद्दे. कोणत्याही आडव्या-उभ्या रांगेत पलटण किंवा हुद्दा दोनदा यायचा नाही. एकासाठी त्याने लॅटिन अक्षरं घेतली, दुसऱ्यासाठी ग्रीक. लॅटिन चौरस हे नाव त्यावरूनच पडलं. सहाचं हे जमत नाही आणि दहा, चौदा, अठरा यांचंही जमणार नाही, असा त्याचा कयास होता. सहाबद्दल तो बरोबर होता. बाकीचा कयास १९५९ मध्ये बोस, पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे या गणितज्ञांनी मोडून काढला. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे नागपूरला शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसावं, ही खेदाची गोष्ट.

लॅटिन चौरसात ३×३ च्या पेट्यांची अट घालून हॉवर्ड गार्न्स या अमेरिकी वास्तुरचनाकाराने १९७९ मध्ये आजचा सुडोकू रचला. तो छापला डेल प्रकाशनाच्या ज्या मासिकात, त्याच्या नावातच शब्दखेळ होते! १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने तो उचलला, २००४ मध्ये निवृत्त न्यायाधीश वेन गूल्डमुळे तो लंडनच्या टाइम्समध्ये आला. आकड्यांना भाषा आडवी येत नाही, म्हणून ते जगभर फिरले. पाठोपाठ अक्षरं परतली.

शब्द ओळीत लपवणं अगदी सोपं. ओळीत नऊही चिन्हं वेगवेगळी असतातच. कोणताही सुटलेला सुडोकू घ्या आणि आकड्यांना हवी ती अक्षरं नेमून द्या. हे नुसतं वेशांतर झालं. कर्णावर मात्र आकडे पुन्हा येऊ शकतात, म्हणून तिथे नऊही वेगळे येतील असा चौकोन आधी घडवावा लागतो. खरा रचनाकार आणखी पुढे जातो: तर्काने दोन उत्तरं उरतील आणि त्यांतलं एकच अर्थपूर्ण शब्द देईल, अशी खूण-अक्षरं सुरुवातीला भरून ठेवतो. कडव्या सुडोकूप्रेमींना ही लबाडी वाटते. मला वाटतं, अंक आणि शब्द खरे एकत्र येतात ते इथेच.

मराठीत नऊ वेगळ्या अक्षरांचा एकच शब्द मिळणं कठीण, पण दोन शब्दांत काम होतं. ‘पुरणपोळीचा सुगंध’ घ्या: नेमकी नऊ, सगळी वेगळी. अडचण एवढीच की घाईत पेन्सिलीने लिहिलेले ‘पु’ आणि ‘पो’ एकसारखे दिसतात. शिवाय पहिली तीन अक्षरं जुळताच सोडवणारा उरलेली सहा ओळखून मोकळा होतो. त्यामुळे सुरुवातीला कर्णावर एकही अक्षर द्यायचं नाही आणि अक्षरांची यादी छापायची ती वर्णानुक्रमे.