पाळणाघर, बालवाडी आणि मुलाचा दिवस

महाराष्ट्रात लहान मुलांच्या दिवसभराच्या सांभाळाला सरकारी नियम लागू झाले ते मुंबईच्या कापड गिरण्यांमुळे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बायका गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत काम करत. तान्हे मूल चाळीतल्या एखाद्या म्हातारीकडे ठेवायचे, नाहीतर सोबत नेऊन खात्याच्या कोपऱ्यात निजवायचे, एवढेच दोन मार्ग त्यांच्यापुढे होते. मूल रडू नये म्हणून त्याला अफू दिली जाई. ती ‘बाळगोळी’ या नावाने बाजारात सहज मिळे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना दिसले. हे १९२२ चे. मुलाच्या दिवसाचे त्या काळचे वेळापत्रक म्हणजे सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत गुंगी, असेच म्हणावे लागेल.

मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याने बाळंतपणाच्या रजेची आणि भत्त्याची सोय झाली, पण रजा संपल्यावर मुलाचे काय हा प्रश्न तसाच राहिला. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात गिरण्यांमध्ये पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला, आणि १९४८ च्या कायद्याच्या कलम ४८ ने ही मालकाची सक्तीची जबाबदारी ठरवली. पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तेथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असे ते कलम होते. १९७६ मध्ये पन्नासाचा आकडा तीसवर आला.

या कायद्याखाली राज्यांनी जे नियम केले ते आजही वाचण्यासारखे आहेत. प्रत्येक मुलामागे वीस चौरस फूट जागा, खोलीची उंची बारा फूट. प्रत्येक मुलाला पाळणा किंवा खाट आणि अंथरूण. मूल पाजताना आईला बसायला खुर्ची. चार मुलांमागे हात-तोंड धुण्याचे एक भांडे, आणि मुलामागे रोजचे पाच गॅलन पाणी. साबण, स्वच्छ टॉवेल, बदलायचे कपडे. रोज किमान अर्धा पाइंट शुद्ध दूध, आणि दोन वर्षांवरच्या मुलांना त्याशिवाय खाऊ. आईला मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा, प्रत्येकी किमान पंधरा मिनिटांची सुटी. मुलांकडे पाहणारी बाई प्रशिक्षित हवी, हेही कायद्यात होते.

अफूच्या गोळीपासून इथवर येणे ही मोठीच मजल होती. तरी या यादीत एक गोष्ट जवळजवळ नाही, ती म्हणजे मुलाने दिवसभर करायचे काय. थोड्या मोठ्या मुलांसाठी खेळणी आणि कुंपण घातलेले सावलीचे अंगण असावे, एवढे एक वाक्य येते आणि नियम पुढे सरकतो. कारण उघड आहे. इन्स्पेक्टरला टेप लावून खोली मोजता येते, दूध मापता येते, टॉवेल मोजता येतात. गोष्ट सांगितली की नाही, मूल चार तास पाळण्यात पडून होते की अंगणात फिरत होते, हे त्याच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे? शिवाय हे नियम आरोग्याच्या काळजीतून आले होते. शिक्षणाशी त्यांचा संबंध कोणी जोडलाच नव्हता. सक्ती बायकांच्या संख्येला बांधल्याचा आणखी एक तोटा असा, की आकडा मर्यादेच्या आत ठेवला की मालक सुटला.

मुलाच्या दिवसाचा विचार दुसरीकडे चालू होता, आणि त्याचा कायद्याशी काही संबंध नव्हता. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेही पालक कामावर गेल्यावर चाळवजा इमारतींतून मोकाट फिरणाऱ्या मुलांसाठीच होते. तिथला दिवस सकाळी नऊ ते दुपारी चार असा आखलेला असे. आल्यावर अंगाच्या स्वच्छतेची तपासणी, एकमेकांना एप्रन घालणे, खोलीतली धूळ पुसणे, गप्पा. मग बुद्धीचे आणि इंद्रियांचे व्यायाम, साडेअकराला जेवण, तासभर मोकळा खेळ, मातीकाम आणि चित्रे, आणि शेवटी उघड्यावर गाणी आणि झाडा-प्राण्यांची देखभाल. आया-बापांसाठी मात्र भिंतीवर कडक नियमावली होती. न धुतलेले, मळक्या कपड्यांतले मूल आल्यास त्याला शाळेतून काढले जाई.

हा विचार गुजरातमार्गे महाराष्ट्रात आला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य असलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे रुजू झाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण भावनगरचे असो की पुढे मुंबईत दादरला निघालेले, ही बालमंदिरे मध्यमवर्गाची होती. माँटेसरी साधने महाग होती आणि मुले घरूनच न्हाऊ-माखून येत. ताराबाईंना हे खटकले, म्हणून १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत रोमचा नियम उलटा झाला. मळके मूल परत पाठवायचे ठरवले असते तर बालवाडी रिकामीच राहिली असती. तेव्हा अंघोळ, वेणीफणी, नखे कापणे हा बालवाडीच्याच दिवसाचा पहिला भाग ठरला. साधने विकत घेण्याऐवजी शंख-शिंपले, खडे, चिंचोके, बिया, पाने जमवली गेली. मोजणे, लहान-मोठे लावणे, रंग ओळखणे, नक्षी मांडणे ही सगळी कामे त्यांवर होऊ लागली. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा वारली मुलांचा दिवस आणखी वेगळा निघाला. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत, नाहीतर गुरे राखत, म्हणून शाळेत येत नसत. यावर तोड म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. घड्याळ मुलाच्या दिवसाप्रमाणे लावायचे, ही समज कारखान्याच्या नियमांत नव्हती. ती इथे आली, आणि महाराष्ट्राच्या बालसंगोपनातली ही सर्वांत मोलाची भर आहे.

सरकारने हे दोन प्रवाह जोडले ते १९७५ मध्ये. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. केंद्राला नाव अंगणवाडीचेच मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा तिच्यावर सोपवल्या गेल्या. दिवस साधारण ठरलेला असतो: हजेरी आणि प्रार्थना, हात-पाय-नखे पाहणे, बडबडगीते आणि गप्पा, मोकळा खेळ, मग एखादा ठरवून घेतलेला खेळ किंवा चित्रकाम, हात धुऊन गरम आहार. पण सहापैकी पाच सेवा आहार-आरोग्याच्या आहेत, आणि त्यांच्या नोंदवह्या वरून तपासल्या जातात. सेविका एक, मदतनीस एक आणि वह्या ढीगभर, असे झाले की पहिली गदा येते ती गोष्टीवर आणि खेळावर. मोजता येते तेच टिकते, हा गिरणीतला दोष इथेही डोकावतो.

शहरी मध्यमवर्गात उलटाच रोग होता. अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल आणि प्रवेशासाठी मुलाखत. १९९६ मध्ये महाराष्ट्राने पूर्वप्राथमिक केंद्रांच्या प्रवेशांविषयी कायदा करून मुलाखतींना बंदी घातली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बांधकामांवरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली होती. पुढे ती मुंबई-पुण्यातही आली. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या केंद्रीय कायद्याने तिथेही पाळणाघर सक्तीचे केले.

दिवसाच्या आखणीवर सरकारी कागदात स्पष्ट बोलले गेले ते अगदी अलीकडे. लहान मुलांच्या संगोपन आणि शिक्षणाविषयीच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी रोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम, तीस मुलांना ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर ३० चौरस मीटर अंगण, वीस मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती, असे मानदंड घातले. मातृभाषा, खेळ आणि वयाजोगती साधने यांचा आग्रह धरला. केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. या वेळी मोजणी सगळ्या कर्मचाऱ्यांची झाली, नुसत्या बायकांची नाही, हे बरे झाले. त्याआधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली. पालक हादरले आणि राज्यभर चर्चा झाली ती कॅमेऱ्यांची आणि परवान्यांची. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आठ-दहा तास थांबणाऱ्या मुलाने तो वेळ घालवायचा कसा, हा विषय त्या चर्चेत फारसा आला नाही.

२०१३ चे मानदंड धोरणात आहेत. ते मोडले म्हणून दंड करता येईल असा कायदा त्यांच्यामागे नाही. शिक्षणाचा मूलभूत हक्क वयाच्या सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या तीन वर्षांची मोफत सोय करणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ ने सरकारच्या मर्जीवर ठेवले आहे.