पत्र्याच्या कोठीचे वजन : तळटीप

१. लेखकाने इथे डिफरन्शियलची रीत एका ओळीत उरकली आहे, म्हणून हा खुलासा. देवगाव फाट्यावरच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात धान्याची बंद कोठी करायची आहे असे धरू : व्यास ६० सेंमी, उंची १०० सेंमी, पोलादी पत्रा १ मिमी. बाहेरच्या घनफळातून आतले वजा करण्याची गरज नाही. त्रिज्या ०.१ सेंमीने बदलली की बाजूच्या पत्र्याचे १८८५ घसेंमी मिळतात. उंचीतला बदल मात्र ०.२ धरावा, कारण तळ आणि झाकण दोन्ही आहेत. विद्यार्थी हमखास इथेच घसरतात. तळ-झाकणाचे ५६५. एकूण २४५० घसेंमी, गुणिले पोलादाची घनता ७.८५ : सुमारे १९.२ किलो. काटेकोर वजाबाकीशी फरक जेमतेम ५४ ग्रॅमचा, आणि तोही जास्तीचा, कारण मापे बाहेरची घेतली. कड्या, वेल्डिंग वेगळे. पत्रा जाड झाला की ही चूक झपाट्याने वाढते. दगडी रांजणाला ही रीत लावू नये.

हीच रीत गोलाला लावली तर त्रिज्येनुसार घनफळाचा बदलदर म्हणजेच पृष्ठफळ. पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ, हा नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आहेच.