तोरणमाळ

तोरणमाळ हे सातपुडा पर्वतातील एक गिरिस्थान असून ते नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. सखल भागातील उन्हाळा टाळण्यासाठी लोक ज्या डोंगरमाथ्यावर जाऊन काही दिवस राहतात, त्यास गिरिस्थान किंवा बोलीभाषेत थंड हवेचे ठिकाण म्हणतात. तालुक्याचे मुख्य ठाणे धडगाव हे आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत तोरणमाळची नोंद धुळे जिल्ह्याखाली आणि त्याहीपूर्वी पश्चिम खानदेशाखाली आढळते. नावाची उपपत्ती कोणी तोरणादेवीशी लावतात, तर कोणी तोरण या काटेरी झुडपाशी.

जळगाव जिल्ह्याच्या पाचोरा, भडगाव, जामनेर या पट्ट्यातून तोरणमाळला जाणाऱ्या लोकांना डोंगर नवा नाही. तेथील दक्षिण क्षितिजावर अजिंठ्याची रांग उभीच असते. पाचोरा-जामनेर या अरुंदमापी लोहमार्गावरील पहूर स्थानकात उतरून एके काळी प्रवासी अजिंठ्याची लेणी पाहण्यास जात, आणि चाळीसगावजवळचे पाटणादेवी हे आजही पावसाळी सहलीचे आवडते स्थळ आहे. परंतु रांगेच्या या भागात मुक्कामाने राहावे असे गिरिस्थान नाही. त्यासाठी पाचोऱ्याच्या माणसाला तापी ओलांडून उत्तरेकडे सातपुड्यातच जावे लागते. रस्त्याने गेल्यास धुळे अथवा अमळनेर या बाजूने दोंडाईचा गाठून, सारंगखेड्याच्या पुलावरून तापी पार करून शहाद्याला पोहोचता येते. हे सारंगखेडे दत्तजयंतीच्या यात्रेत भरणाऱ्या घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. रेल्वेने जायचे तर जळगावला गाडी बदलून सुरतकडे जाणाऱ्या तापी खोऱ्याच्या मार्गाने दोंडाईचा किंवा नंदुरबार येथे उतरावे लागते. शहाद्यापासून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर आहे. पाचोऱ्याहून एका दिवसात जाऊन परत येण्याजोगे हे अंतर नाही, आणि तसा प्रयत्न करणाऱ्याला घाटाखेरीज फारसे काही पाहायला मिळत नाही.

शहादा सोडल्यावर केळी, ऊस आणि कापसाची शेते मागे पडतात, रस्ता टेकड्यांत शिरतो आणि काळापाणीच्या पुढे चढ अंगावर येतो. या चढाला ‘सात पायरी घाट’ म्हणतात. पायरी हा शब्द येथे जिन्याच्या पायरीसाठी नसून, एकाच डोंगरउतारावर एकावर एक रचल्यासारख्या दिसणाऱ्या रस्त्याच्या वळणांसाठी आहे. वरच्या वळणावर थांबून खाली पाहिले म्हणजे आपण नुकताच चढून आलेला रस्ता दोरीच्या घड्या टाकाव्यात तसा पडलेला दिसतो, आणि खालच्या घडीवरून चढणाऱ्या गाडीचा आवाज ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ऐकू येत राहतो. पावसाळ्यात या घाटात धुके उतरते आणि दरडीचे दगड रस्त्यावर येतात, म्हणून तो दिवसाउजेडीच चढावा.

पठारावरील मुख्य आकर्षण म्हणजे यशवंत तलाव. टेकड्यांच्या कुशीतील या विस्तीर्ण जलाशयाभोवतीच गाव, विश्रामगृहे आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. जवळच कमळांनी भरलेला एक लहान तलाव असून, पावसाळ्यात पठारावरील पाणी सीताखाई या खोल दरीत कोसळते. ‘खाई’ म्हणजे उभ्या कड्यांची अरुंद, खोल दरी. सातपुड्याचा हा पश्चिम भाग दख्खनच्या लाव्हाथरांनी, म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकाने बनलेला असल्यामुळे सीताखाईच्या कड्यांवर एकावर एक आडवे थर स्पष्ट मोजता येतात. श्रावणात हा कडा पाण्याच्या तुषारांनी झाकून जातो. मार्चमध्ये तेथे नुसता कोरडा खडक उरतो. छायाचित्रांतील धबधबा उन्हाळ्यात शोधणाऱ्याची निराशा होते ती यामुळे. खडकी पॉइंटवरून खोऱ्यांचा पसारा दिसतो.

राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे थंड हवेचे ठिकाण अशी तोरणमाळची ओळख सर्रास दिली जाते, पण हवेची अपेक्षा उंचीवरून ठरवणे अधिक योग्य. हवा दर हजार मीटर चढाला साधारण साडेसहा अंश सेल्सिअस थंड होते. जळगाव सुमारे २१० मीटर उंचीवर आहे, म्हणजे तेथून तोरणमाळपर्यंतचा फरक सहा अंशांच्या आसपास येतो. वैशाखात खाली पारा ४४ अंशांवर असताना वरची दुपारही उन्हाचीच असते. सुख मिळते ते संध्याकाळनंतर, जेव्हा खानदेशातील घरांच्या भिंती अजून तापलेल्या असतात आणि तलावाकाठी पांघरूण घ्यावेसे वाटते. म्हणून नुसत्या गारव्यासाठी नव्हे, तर डोंगर पाहण्यासाठी येणाऱ्याने भाद्रपद ते मार्गशीर्ष हा काळ निवडावा. तेव्हा पाणी असते, हिरवळ असते आणि वाटा निसरड्या राहत नाहीत.

महाबळेश्वर, माथेरान ही स्थळे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या विश्रांतीसाठी वसवली. तेथील बंगले, बाजारपेठ आणि फिरण्याच्या वाटा त्या गरजेतून आल्या. तोरणमाळची घडण अशी झालेली नाही. ते आधी तीर्थ आहे आणि त्याहीआधी भिल्ल व पावरा समाजांची वस्ती आहे. गोरक्षनाथांचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथांची गुहा यांमुळे नाथपंथीयांना हे स्थान पवित्र आहे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश व गुजरातमधूनही भाविक येतात. याच तालुक्यातील अस्तंभा शिखर अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते व दिवाळीत तेथेही यात्रेकरू चढून जातात. होळीपूर्वी परिसरात भोंगऱ्या बाजार भरतात. होळीच्या सामानाची खरेदी करायला पाड्यापाड्यांवरून माणसे ढोल वाजवीत येतात (पाडा म्हणजे आदिवासींची विखुरलेल्या घरांची लहान वस्ती). पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की येथे तो दुसऱ्याच्या घरी आलेला पाहुणा असतो. पाड्यातील माणसांची आणि घरांची छायाचित्रे न विचारता काढणे हा या घरचा अपमान आहे, मग ती कितीही सुंदर येवोत.

भोवतालचे जंगल पानझडी असून त्यात साग, सालई, पळस, मोह, चारोळी ही झाडे आढळतात. मोहाची फुले रात्री गळतात आणि उन्हे चढण्यापूर्वी वेचली जातात. त्या सुमारास झाडाखाली टोपली घेऊन बसलेली मुले आणि बाया दिसतात. अक्राणीचा आमचूर विशेष नावाजलेला आहे. चैत्र-वैशाखात कैऱ्या सोलून त्यांच्या फोडी अंगणात आणि खडकांवर पसरतात. पहिल्या दिवशी पांढऱ्या दिसणाऱ्या या फोडी उन्हाने आक्रसून तपकिरी, कडक होतात आणि त्यांचा आंबट वास रस्त्यापर्यंत येतो. येणाऱ्याने परत नेण्यासारखी वस्तू कोणती, असे विचारले तर ती हीच, आणि ती पाड्यावर किंवा आठवडी बाजारात थेट पिकवणाऱ्याकडून घ्यावी.

मुक्कामाच्या जागा मोजक्या असल्याने सुट्यांत व महाशिवरात्रीला त्या आधी ठरवून ठेवणे आवश्यक असते. वाहनाचे इंधन, औषधे आणि रोख पैसे यांची तजवीज शहाद्यातच करावी, कारण त्यानंतर मोठी बाजारपेठ नाही.