ग्रामण्य : एका हरवलेल्या शब्दाची गोष्ट

आज आपण जो शब्द घेतोय तो तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेलाही नसेल. ग्रामण्य. मुळात ग्रामणी म्हणजे गावाचा पुढारी, पण मराठीत ग्रामण्य म्हणजे गावकी नव्हे. एखाद्यानं जातीचा नियम मोडला असा आरोप झाला, त्यावर तट पडले, शास्त्री बसले, निवाडा मागितला गेला, या सगळ्या खटल्याला ग्रामण्य म्हणत. ते उठायचं, पेटायचं आणि कधी वर्षानुवर्षांनी मिटायचं.

आपण पुष्कळदा ग्रामण्य आणि बहिष्कार हे एकच समजतो. तसं नाही. ग्रामण्य हा वाद, बहिष्कार हा त्यातून होणारा निकाल. निकाल विरुद्ध गेला की माणूस अपांक्त, म्हणजे पंगतीला त्याचं पान नाही. भटजी येणार नाहीत, न्हावी-परीट येणार नाहीत, सोयरीक जुळणार नाही. तुरुंग नाही, दंड नाही, फक्त नापसंती. पण लग्नाची मुलगी घरात असली की ही नापसंती काय असते ते कळायचं! परत यायची वाटही ठरलेली : प्रायश्चित्त घ्यायचं आणि शुद्धिपत्र मिळवायचं.

पेशवाईत या भांडणात सरकार स्वतः पडत असे. इंग्रज आले आणि त्यांनी अंग काढून घेतलं. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशननं दिवाणी कोर्टांना जातीच्या प्रश्नांत पडायला मनाई केली. पुढं १८५० च्या कायद्यानं जातिबाह्य झालेल्याचा वारसाहक्क तेवढा वाचवला. म्हणजे शेत राहिलं, पंगत गेली. ग्रामण्याची धार यानं बोथट झाली असं वाटेल, पण आमच्या मते उलट झालं. दाद मागायला वर कुणी उरलंच नाही.

१८६९ मध्ये मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या मंडळींनी पुनर्विवाह लावून दिला आणि पाठीराख्यांवर बहिष्कार आला. ते प्रकरण मोठं आहे, त्यावर वेगळं बोलू. आज आपल्याला चहाकडे जायचंय.

ऑक्टोबर १८९०. पुण्यातलं पंचहौद मिशन. व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली नामांकित मंडळी तिथं गेली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कार्यक्रमानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. तिथंच संपायचं. पण गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. गोपाळरावांचा स्वभाव असा की सुधारक आणि सनातनी दोघांचीही फजिती पाहायला त्यांना सारखीच मजा यायची.

आणि ग्रामण्य उठलं. सनातन्यांची तक्रार शंकराचार्यांकडे गेली, त्यांनी चौकशीसाठी शास्त्री पाठवले. रीतसर कमिशनच म्हणा ना! एकीकडे शास्त्रातला दोष आणि दुसरीकडे कोर्टासारखी बाजू मांडणं, असा हा प्रकार. टिळक तर कायदा शिकलेले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय, असं त्यांनी सांगितलं. तरी त्रास चुकला नाही. त्यांच्या घरच्या कार्याला भिक्षुक मिळायची पंचाईत झाली.

रानड्यांचं दुखणं निराळं. हायकोर्टाचे न्यायाधीश होण्याच्या उंबरठ्यावरचा माणूस, त्याला न्हावी येतो की नाही याची काय फिकीर? पण त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांना होती. त्यांच्या घरी लेकीसुना, लग्नकार्यं. त्यांच्या अडचणीखातर रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सुधारक मंडळी चिडली, ‘हेच का तुमचं धैर्य’ असा सूर निघाला. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिलाय आणि त्यांनाही तो फार लागला होता. नवऱ्याबद्दल एवढा आदर असलेली बाई इथं आपली खंत लपवत नाही. रानडे चुकले का? आमचं मत असं, की ग्रामण्याची ताकद यातच दिसते. ते एकट्यावर उठत नाही, त्याच्या जवळच्यांवर उठतं. एकटा माणूस सोसेल, पण मित्राच्या मुलीचं लग्न मोडलं तर ते सोसणारा तो कोण?

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास लिहिला, तोवर शब्द चांगला जिवंत होता. नंतर तो मागं पडला, पण काम चालूच राहिलं. १९४९ मध्ये मुंबई सरकारनं जातिबहिष्कृतीला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणानं बाहेर काढण्याचा अधिकार हा पंथाच्या स्वातंत्र्याचा भाग, असं बहुमताचं म्हणणं. त्यानंतर महाराष्ट्राला पुन्हा कायदा करायला २०१६ उजाडलं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. त्यात शब्द आहे ‘सामाजिक बहिष्कार’. गावात म्हणतात ‘वाळीत टाकलंय’. ग्रामण्य मात्र आता फक्त जुन्या दप्तरांत सापडतं, शुद्धिपत्रांच्या नकलांमध्ये. पुढच्या वेळी त्यातलीच एक-दोन वाचू.