किल्ली कुणाच्या हातात? तुरुंगातली मुलं आणि ख्रिस्ती स्वयंसेवक



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. तुरुंगात किंवा सुधारगृहात अडकलेल्या मुलांकडे ख्रिस्ती स्वयंसेवक गेले. त्यांनी मुलांना अक्षरं शिकवली, प्रार्थना शिकवली, सुटल्यावर कामधंदा मिळवून द्यायची खटपट केली. याचा त्या मुलांवर परिणाम काय झाला? या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरं आपल्याकडे तयार असतात. एक म्हणतं, ही निखळ सेवा होती. दुसरं म्हणतं, हा धर्मप्रसार होता आणि सेवा हे निमित्त. दोन्ही उत्तरं हेतूबद्दल बोलतात. आता दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं मन काही आपल्याला उघडून बघता येत नाही. म्हणून हेतूची चर्चा बाजूला ठेवून मी आज दोनच गोष्टी विचारणार आहे. कोठडीची किल्ली कुणाच्या हातात होती? आणि मुलाला 'नको' म्हणायची सोय होती का?

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण या कामाची घडण बऱ्याच अंशी तिथे झाली आणि पुढे ती आपल्याकडेही आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या कायद्यानुसार सात वर्षांच्या मुलालाही गुन्हेगार ठरवता येत होते. सात ते चौदा या वयात मुलाला बरंवाईट कळत होतं हे सिद्ध करावं लागे, एवढीच काय ती सवलत. शिक्षा झाली की पोरगा बहुधा मुरलेल्या कैद्यांच्याच संगतीत जाऊन पडायचा. क्वेकर पंथाच्या एलिझाबेथ फ्राय १८१३ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेल्या, तेव्हा त्यांना कैदी बायकांबरोबर त्यांची लहान मुलंही आत दिसली. १८१७ मध्ये त्यांनी त्या मुलांसाठी तुरुंगातच शाळा काढली.

फ्राय मोठ्या घरातल्या होत्या. मला आज ज्यांच्याविषयी जास्त बोलायचं आहे त्या सारा मार्टिन मात्र अगदी साध्या. १७९१ चा जन्म, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेट यारमथ गावाजवळ राहणार, लोकांच्या घरी जाऊन कपडे शिवायच्या आणि त्यावर पोट भरायच्या. १८१९ मध्ये स्वतःच्या मुलाला क्रूरपणे मारणारी एक बाई तुरुंगात असल्याचं त्यांच्या कानावर आलं. तिला भेटायला त्या गेल्या. पहिल्यांदा दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा आत सोडलं. मग हे जाणं पुढे जवळजवळ आयुष्यभर चाललं. त्या तुरुंगात पाद्री नव्हता, शिक्षक नव्हता. मार्टिनबाईंनी आठवड्यातला एक दिवस शिवणकाम सोडून, म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून, कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवायला सुरुवात केली. रविवारची उपासना त्याच घेऊ लागल्या. पोरांच्या हाताला काम हवं म्हणून टोप्या, हाडाचे चमचे असल्या वस्तू करून घेऊ लागल्या. सुटून गेलेल्यांचं पुढे काय झालं, याच्या नोंदी त्यांनी स्वतंत्र वहीत ठेवल्या. १८३५ च्या कायद्याने सरकारी तुरुंग निरीक्षक नेमले गेले, त्यांच्यापैकी एकाने यारमथला येऊन बाईंच्या उपासनेच्या वेळची शांतता आणि कैद्यांचं लक्ष पाहिलं आणि अहवालात कौतुक केलं.

आता बघा, या बाईंच्या हातात अधिकार कोणता होता? शिक्षा कमी करणं त्यांच्या हातात नव्हतं, वाढवणंही नव्हतं. जेवणाचा तुकडा रोखता येत नव्हता. मुलगा वर्गात नुसता भिंतीकडे बघत बसला असता तरी बाई काही करू शकल्या नसत्या. माझ्या मते त्यांच्या परिणामाचं मूळ इथे आहे. त्या मुलाच्या आजूबाजूला जी माणसं होती, ती एक तर पगारावर होती किंवा शिक्षेवर. रोजगार बुडवून आपल्यासाठी येणारी ही एकच व्यक्ती, हे पोरांना कळायला तत्त्वज्ञान लागत नाही.

बाईंनाही हे कळत होतं. म्हातारपण जवळ आल्यावर, १८४१ मध्ये, गावाच्या कारभाऱ्यांनी त्यांना वर्षाला बारा पौंड द्यायचं ठरवलं. बाई आढेवेढे घेऊ लागल्या. पगार घेतला तर कैद्यांच्या आणि आपल्या नात्याला धक्का लागेल, अशी त्यांना धास्ती होती. शेवटी घ्यावे लागले. दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, त्या वारल्या.

याच काळातली दुसरी बाजूही पाहायला हवी. कोठडीत धर्म शिकवला की सगळेच सुधारतात असं कुणी समजू नये. डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' १८५० साली पूर्ण झाली. तिच्या शेवटाकडे लबाड युराया हीप आदर्श तुरुंगात भेटतो. पश्चात्तापाची भाषा तो इतकी सफाईने बोलतो की पाहुणे भारावून जातात. ही थट्टा नेमकी जागेवर बसते. ज्या क्षणी पश्चात्तापाला बाजारभाव येतो, म्हणजे चांगलं वागल्याचा शेरा, सवलत, लवकर सुटका, त्या क्षणी खोटा पश्चात्तापही बाजारात येणारच. परिणाम मोजणारा माणूस इथे फसतो. शिवाय ज्या मुलाला मुळातच बदलायचं आहे, तोच अशा वर्गाला येण्याची शक्यता जास्त. मग बदल वर्गामुळे झाला की बदलायची इच्छा होती म्हणून तो वर्गाला आला?

आता मेरी कार्पेंटर यांच्याकडे येऊ. ब्रिस्टलच्या युनिटेरियन पंथाच्या धर्मोपदेशकाची ही मुलगी, जन्म १८०७. आपल्याला जवळचा धागा म्हणजे राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टलला गेले ते याच मंडळींच्या ओढीने, आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. कार्पेंटरबाईंनी १८४६ मध्ये ब्रिस्टलच्या गरीब वस्तीत फाटक्या कपड्यांतल्या पोरांसाठी शाळा काढली. शाळेत यायची ती मुलं मधूनच तुरुंगात जायची आणि परत यायची. तेव्हा सरकारने मुलांसाठी वाइट बेटावर पार्कहर्स्ट येथे खास तुरुंग उघडलेला होता, १८३८ मध्ये. सुरुवातीच्या काळात तिथे मुलांच्या पायात बेड्या असत. १८५१ च्या आपल्या पुस्तकात बाईंनी या पद्धतीवर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मूल हे मूल आहे, त्याची इच्छाशक्ती मोडून त्याला सुधारता येत नाही. ती आपल्या बाजूला वळवावी लागते आणि ते मायेनेच होतं. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला परिषद भरली. ती भरवण्यात बाईंचा पुढाकार, पण स्त्रीने जाहीर सभेत बोलणं शिष्टसंमत नव्हतं म्हणून त्या तिथे गप्प बसल्या! पुढे १८५२ मध्ये किंग्जवुडला आणि १८५४ मध्ये मुलींसाठी ब्रिस्टलच्या रेड लॉजमध्ये त्यांनी सुधारशाळा काढल्या.

१८५४ मध्येच कायदाही झाला. स्वयंसेवकांनी चालवलेल्या सुधारशाळांना सरकारी मान्यता मिळाली आणि न्यायाधीश मुलांना तिथे पाठवू लागले. हा मोठा विजय होता यात शंका नाही. पण कायद्याचा तपशील बघा. मुलाने आधी किमान चौदा दिवस तुरुंगात काढायचे आणि मग दोन ते पाच वर्षं सुधारशाळेत. आधीच्या तुरुंगवासाला कार्पेंटरबाईंचा विरोध होता; ती अट १८९९ मध्ये गेली. मला मात्र दुसरा आकडा जास्त खुपतो. किरकोळ चोरीसाठी ज्या पोराने काही आठवडे भोगले असते, तो आता त्याच्या भल्यासाठी काही वर्षं कोंडला जाऊ लागला. शिक्षेला माप असतं. भल्याला माप कोण लावणार?

आणि कार्पेंटरबाईंच्या भूमिकेतही फरक पडला. गरीब वस्तीतल्या शाळेत पोरगं कंटाळलं तर उठून जाऊ शकत होतं. रेड लॉजमधून मुलगी गेली तर ती 'पळाली' आणि तिला धरून आणायचं. मुली खरंच पळत, दंगा करत, आणि मायेवर श्रद्धा असलेल्या या बाईंच्या संस्थेतही कोंडून ठेवण्याची शिक्षा होती. बाई तशाच होत्या, माया तीच होती. पण आता किल्ली त्यांच्या कमरेला होती.

यातून धर्माचा प्रश्नही उभा राहिला. कॅथलिक घरातला मुलगा प्रॉटेस्टंट संस्थेत टाकला तर त्याने कुणाची प्रार्थना म्हणायची? कॅथलिकांनी मग स्वतःच्या सुधारशाळा काढल्या, लेस्टरशायरमध्ये माउंट सेंट बर्नार्डची १८५६ मध्ये निघाली. मुलाला स्वतःला काय वाटतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नव्हतं.

१८६६ मध्ये कार्पेंटरबाई भारतात आल्या. मुंबई, अहमदाबाद, कलकत्ता असा प्रवास केला, शाळांबरोबर तुरुंगही पाहिले. मुंबईत तेव्हा डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा होती, १८५७ पासूनची, आणि तिचे आश्रयदाते ज्यू व्यापारी होते, हे लक्षात ठेवा. म्हणजे हे काम एकट्या ख्रिस्ती धर्माची मिरास नव्हती. पुढे १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा हिंदुस्थानातही आला.

पण किल्लीची गोष्ट आपल्याकडे सर्वांत कडवट झाली ती दुसऱ्याच एका कायद्याने. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. १९११ मध्ये तो नव्याने होऊन मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड वसवायचं, आणि मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायचीही त्यात मुभा. अशा काही वसाहती सरकारने मिशनऱ्यांकडे चालवायला दिल्या. उत्तरेत साल्व्हेशन आर्मीकडे होत्या. आपल्या सोलापूरची सेटलमेंट काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली होती. त्यातल्या मुलांनी कसलाही गुन्हा केलेला नव्हता. शिकवणाऱ्यांपैकी अनेक जण कळकळीचे असतील, काही मुलांच्या हातात पाटी आली ती त्यांच्यामुळेच, हेही नाकारायचं कारण नाही. पण हजेरी घेणारा, पास देणारा आणि प्रार्थना सांगणारा एकाच संस्थेचा असेल, तर त्या प्रार्थनेला मुलाने दिलेल्या होकाराला अर्थ काय उरतो? तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

हे सगळं आज कशासाठी सांगायचं? आपल्याकडे निरीक्षणगृहं आहेत, लोक अजूनही त्यांना रिमांड होमच म्हणतात. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर घोर गुन्ह्यांसाठी प्रौढांसारखा खटला चालवायची वाट उघडली आहे. अशा मुलांपर्यंत ख्रिस्ती गट जातात, ध्यान शिकवणारे जातात, कीर्तनकार जातात, इतर धर्मांचेही जातात. ते जाऊच नयेत असं मी म्हणणार नाही. बाहेरून येणारं माणूस बंद झालं की आतल्या मुलाचा जगाशी असलेला एक दोर तुटतो, आणि आत काय चाललं आहे हे बघणारा डोळाही जातो. मार्टिनबाईंची वही नसती तर त्या कैद्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला कुठून कळलं असतं?

आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं, की सरकारमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. कलम शिक्षणसंस्थांपुरतं आहे, पण त्यामागचं तत्त्व कोंडलेल्या मुलाला तर जास्तच लागू पडतं, कारण त्याला उठून जाता येत नाही.

म्हणून मी तीन साध्या कसोट्या सुचवतो. मुलगा त्या तासाला बसला नाही तर त्याचं काही बिघडतं का? त्या वेळात त्याला दुसरं काही, खेळ म्हणा, पुस्तक म्हणा, मिळतं का? आणि तो सुटल्यावर, त्याने धर्म घेतलेला असो वा नसो, तीच माणसं त्याच्या दारात जातात का? तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणत्याही धर्माच्या गटाला ती लावा. त्यांच्याकडे सुटलेल्या मुलांच्या नोंदीची वही आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडा होईल.

इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल, विशेषतः निरीक्षणगृहात जाऊन काम करणारं कुणी इथे असेल, तर त्यांनी जरूर बोलावं. मला ऐकायला आवडेल.