किनाऱ्यावरच्या ८३ खोल्या

२०१८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या ब्रे हेड डोंगरावर वणवा लागला. झुडपं जळाली आणि खालून दगडांनी मांडलेली प्रचंड अक्षरं दिसायला लागली. देशाचं आयरिश नाव आणि शेजारी आकडा, ८. दुसऱ्या महायुद्धातली ही खूण झाडोऱ्याखाली गाडली गेली होती.

ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते, म्हणून सांगतो.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा आयर्लंड तटस्थ राहिला. पण किनारा प्रचंड आणि नौदल नावापुरतं. मग सरकारने किनाऱ्यावर ८३ टेहळणी चौक्या उभारल्या. सुरुवातीला नुसते तंबू, नंतर काँक्रीटच्या तयार ब्लॉकची एकेक खोली. समुद्राच्या बाजूला खिडक्या, आत शेकोटी, दुर्बीण आणि नोंदवही.

पहाऱ्याला कोण? त्याच गावचे मच्छीमार आणि शेतमजूर. पाळीला दोघे. एक फोनजवळ, दुसरा बाहेर गस्तीला. कुठलं जहाज, कुठलं विमान, किती वाजता, कुठल्या दिशेला, सगळं वहीत लिहायचं. या वह्या आजही डब्लिनच्या लष्करी अभिलेखागारात आहेत.

पहिली अडचण अगदी साधी होती. बऱ्याच चौक्यांवर आधी फोनच नव्हता! दिसलं तरी कळवायला माणूस पळवावा लागे. फोन आले तेव्हा कुठे या चौक्यांना खरा अर्थ आला. पुढे वाट चुकलेल्या वैमानिकांसाठी चौक्यांजवळ दगडांची अक्षरं मांडून चुना फासला गेला. चौकीचा क्रमांक दोस्त राष्ट्रांच्या हवाई दलांना माहीत, त्यामुळे आपण कुठे आहोत हे वरूनच कळायचं.

पण नुसत्या चौक्या असून भागत नाही. १० मे १९४३ ला डोनेगलमधल्या बॅलीमॅनस इथे एक सुरुंग वाहत किनाऱ्याला आला. बघायला गर्दी जमली. तो ओढून घेण्याच्या प्रयत्नात स्फोट झाला आणि १९ जण गेले. सगळे पुरुष आणि पोरं. धोका दिसणं वेगळं आणि लोकांना वेळेवर लांब ठेवणं वेगळं.

आता आपल्याकडे या. १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली. २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीत डिंगीतून अनोळखी पोरं उतरली, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. म्हणजे डोळे जागे होते. त्या डोळ्यांपासून बंदोबस्तापर्यंतचा रस्ता तयार नव्हता.

त्यानंतर रडार आले, सागरी पोलीस ठाणी वाढली, गावोगावी सागर रक्षक दल झालं. चांगलंच आहे. पण रडारला लहान होडी आपली की परकी हे कळत नाही. ते कोळीवाड्यातल्या माणसाला एका नजरेत कळतं. त्या माणसाला आपण काय देतो? प्रशिक्षण? मानधन? त्याच्या फोनला पलीकडून नीट उत्तर तरी मिळतं का?

आयर्लंडने आपल्या गाववाल्यांना खोली दिली, फोन दिला, नोंदवही दिली आणि त्यांचं म्हणणं लिहून जपून ठेवलं. एवढं आपल्यालाही जमायला हवं.

तोवर दोन नंबर मोबाईलमध्ये ठेवा. सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४. आणि तुमच्या गावच्या किनाऱ्यावर आज काय परिस्थिती आहे, ते जरूर लिहा.