आमच्या माघारी कोण? : बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या निवासाचा एक ऐतिहासिक विचार

घरभेटीस गेलेल्या धर्मगुरूला नाना प्रश्न विचारले जातात आणि बहुतेकांना त्याच्यापाशी काही ना काही उत्तर असते. एका प्रश्नापुढे मात्र तो निरुत्तर होतो. सत्तरी ओलांडलेली माता, ओसरीवर बसून तांदूळ निवडणारा तिचा चाळिशीतला मुलगा, आणि त्याच्याकडे पाहत हलक्या आवाजात उच्चारलेले शब्द : "फादर, आम्ही आहोत तोवर ठीक आहे. आमच्या माघारी ह्याचं कोण?"

मूल लहान असते तेव्हा विशेष शाळा असते, शिक्षिका असतात, लोकांच्या मनात कणव असते. ते अठरा वर्षांचे झाले की शाळेचे दार मागे लागते आणि पुढची चाळीस वर्षे आईबापांच्या थकत जाणाऱ्या हातांवर येऊन पडतात. पूर्वी ज्यांना मतिमंद म्हणत व आज बौद्धिक दिव्यांग म्हणतात, त्या प्रौढांनी कोठे राहावे आणि कोणासोबत राहावे, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. तिने त्याची काही उत्तरे दिली; त्यांतील काही उज्ज्वल आहेत, तर काही लज्जास्पद. प्रस्तुत लेखात ती उत्तरे क्रमाने तपासावयाची आहेत. केवळ गौरवासाठी इतिहास वाचला तर तो आपल्याला काहीच शिकवीत नाही, ही जाणीव येथे आरंभीच नमूद केलेली बरी.

१. गील : शेतकऱ्यांच्या घरातील सोपा

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतात गील नावाचे एक गाव आहे. दंतकथेनुसार, आयर्लंडमधील एका राजाची कन्या दिम्फ्ना आपल्या शोकाने भ्रमिष्ट झालेल्या पित्यापासून पळून येथे आली आणि येथेच त्याच्या हातून मारली गेली. ती पुढे मनोविकारग्रस्तांची संरक्षक संत मानली जाऊ लागली. तिच्या नावाचे मंदिर १३४९ मध्ये बांधावयास घेण्यात आले, आणि पंधराव्या शतकात त्याला लागूनच यात्रेकरू रुग्णांसाठी एक खोली उभारण्यात आली. नऊ दिवसांची प्रार्थना करावी, संतेच्या अवशेषपेटीखालून वाकून जावे आणि बरे व्हावे, अशी श्रद्धा होती.

पुष्कळजण बरे होत नसत. खोली भरलेली असे आणि परतीची वाट लांब असे. अशा वेळी मंदिराच्या धर्मगुरूंनी त्यांना गावातील कुटुंबांकडे ठेवण्यास आरंभ केला. कोणी काही आठवड्यांसाठी आला तो जन्मभर राहिला. त्यांत मनोरुग्णांबरोबर बौद्धिक दिव्यांगांचाही मोठा भरणा होता. गावकरी त्यांना रुग्ण म्हणत नसत. ज्याच्या जेवणाखाण्याची सोय आपल्या घरी केली आहे असा माणूस, ह्या अर्थाचा शब्द ते वापरीत. तो शेतावर जाई, गाई राखी, मुलांना खेळवी, आणि घरधनी वारला तर पुष्कळदा त्याच्या मुलाच्या संसारात राही. "आमच्या माघारी कोण?" ह्या प्रश्नाला गीलमध्ये पिढीजात उत्तर होते : पुढची पिढी.

ह्या व्यवस्थेचे भाबडे चित्र रंगवू नये. यजमानाला ठरावीक मोबदला मिळे आणि शेतीला फुकटचा हातही मिळे. काही पाहुण्यांच्या पायांत बेड्या असत. म्हणूनच १८५० मध्ये बेल्जियमच्या शासनाने कायदा करून ही व्यवस्था आपल्या देखरेखीखाली घेतली. वैद्य व तपासनीस नेमले गेले. ह्यापुढील काळातच तिची खरी भरभराट झाली. १९३८ च्या सुमारास गीलमधील कुटुंबांत साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे राहत होते. पुढे शेती आकसली, कुटुंबे लहान झाली आणि ही संख्या झपाट्याने घटली. तरीही परंपरा तुटली नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारसा जतन करण्याच्या उत्तम पद्धतींमध्ये तिची नोंद केली.

गीलकडून दोन गोष्टी घ्याव्यात. दिव्यांगाला वेगळे स्थान न देता चालत्या संसारात जागा देता येते, ही एक. आणि भक्तीतून जन्मलेल्या कार्यालाही बाहेरच्या तपासनीसाची गरज असते, ही दुसरी. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

२. भिंतीआडचे शतक

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेने निराळा मार्ग धरला. फ्रान्समध्ये एदुआर सेगँ ह्यांनी दाखवून दिले की, ज्यांना जग शिकण्यास असमर्थ समजते त्यांनाही शिकविता येते. त्यांच्या प्रेरणेने निवासी शाळा निघाल्या. हेतू असा की, मुलांनी तेथे काही वर्षे शिकावे आणि घरी परतावे. परंतु मुले मोठी झाली, त्यांना परत नेण्यास कोणी येईना, आणि शाळांची हळूहळू आश्रयस्थाने झाली. पुढे आश्रयस्थानांच्या भिंती उंच होत गेल्या. वंशशुद्धीच्या खुळाने ह्या माणसांना दयेचा विषय न ठेवता समाजाला असलेला धोका ठरविले. इंग्लंडमध्ये १९१३ च्या कायद्याने त्यांना वसाहतींत कायमचे वेगळे ठेवण्याची सोय झाली; स्त्रिया व पुरुष एकमेकांच्या दृष्टीसही पडू नयेत अशी तेथील रचना असे.

ह्या विचाराचे टोक जर्मनीत गाठले गेले. तेथील ग्राफेनेक येथे दिव्यांगांसाठी एका ख्रिस्ती सेवासंस्थेने चालविलेले निवासगृह होते. १९३९ मध्ये नाझी शासनाने ते ताब्यात घेतले आणि १९४० मध्ये त्याच आवारात दहा हजारांहून अधिक मनोरुग्ण व दिव्यांग स्त्रीपुरुषांना विषारी वायूने मारले. अशी सहा केंद्रे होती. ऑगस्ट १९४१ पर्यंत तेथे सत्तर हजारांवर बळी पडले. त्या महिन्याच्या ३ तारखेला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन ह्यांनी व्यासपीठावरून ह्या हत्यांचा उघड धिक्कार केला. त्यांच्या धैर्याचे स्मरण आपण करतो आणि ते योग्यच आहे. पण अभ्यासकाने येथे आणखी एक गोष्ट पाहावी. शासनाने संस्थांकडे छापील फॉर्म पाठविले, संस्थांनी ते भरून दिले, आणि त्या फॉर्मांवरून माणसे निवडली गेली. जी माणसे गावापासून दूर एकत्र ठेवलेली होती, ज्यांना शेजारी नव्हते, त्यांना बसमध्ये बसवून नेणे सोपे गेले.

युद्धानंतर हत्या थांबल्या, भिंती राहिल्या. वेल्समधील कार्डिफच्या इली रुग्णालयातील हेळसांड व क्रौर्य ह्यांचा चौकशी अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत चार हजारांच्या जागेत सुमारे सहा हजार जीव कोंबलेले होते. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहून अमेरिका हादरली. ह्याच सुमारास स्वीडनच्या बेंग्ट निर्ये ह्यांनी एक साधा विचार मांडला : दिवसाचा, आठवड्याचा आणि वर्षाचा जो क्रम इतर माणसांच्या वाट्याला येतो तोच ह्यांच्याही वाट्याला यावा. सकाळी उठून कामाला जावे, सायंकाळी घरी यावे, सणाला सण असावा. हा विचार क्रांतिकारक ठरला, ह्यावरूनच संस्थांतील जीवन कसे होते ते कळते.

३. तारू आणि त्याचे जेवणाचे मेज

ऑगस्ट १९६४ मध्ये पॅरिसच्या उत्तरेस त्रोस्ली-ब्रय ह्या खेड्यात झाँ व्हानिए ह्यांनी एक जुने घर घेतले आणि एका संस्थेत राहत असलेल्या दिव्यांग पुरुषांना तेथे आपल्यासोबत राहावयास आणले. व्हानिए हे कॅनडाच्या गव्हर्नर जनरलांचे पुत्र. नौदलात काम केलेले, ॲरिस्टॉटलवर प्रबंध लिहिलेले. घराला त्यांनी नाव दिले 'लार्श', म्हणजे नोहाचे तारू. त्या घरात नोकर व रुग्ण असा भेद नव्हता. एकत्र राहावे, भाजी चिरावी, भांडी घासावी, भांडावे व क्षमा मागावी, एवढाच कार्यक्रम होता. १९६९ मध्ये कॅनडात आणि १९७० मध्ये आपल्या देशात, बंगलोर येथे, 'आशा निकेतन' ह्या नावाने अशी घरे उघडली. भारतातील घरांत हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती एका पंक्तीस बसू लागले. आज सुमारे चाळीस देशांत दीडशेच्या आसपास असे समुदाय आहेत.

ह्या घरांनी ईश्वरविद्येलाही काही दिले. हेन्री नाउवेन ह्या नामांकित धर्मगुरूने विद्यापीठातील अध्यापन सोडून १९८६ मध्ये कॅनडातील अशा एका समुदायात वास्तव्य केले. ज्याला बोलता येत नव्हते अशा एका तरुणाला रोज सकाळी स्नान घालणे, कपडे चढविणे, न्याहारी भरविणे हे काम त्यांच्याकडे आले, आणि त्या तरुणाला त्यांनी आपला गुरू मानले. लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दृष्टान्ताचा अर्थ आपण 'दीनांना जेवू घालावे' एवढाच करीत आलो. येथे त्याचा अर्थ 'त्यांच्या पंगतीस बसावे' असा झाला.

४. संस्थापकाचे पाप

येथेच हा लेख संपविता आला असता, आणि काही वर्षांपूर्वी लिहिला असता तर संपविलाही असता. व्हानिए ७ मे २०१९ रोजी निवर्तले तेव्हा जगाने त्यांना जिवंतपणीच संत मानलेले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शनेच नेमलेल्या चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून व्हानिए ह्यांनी सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. जानेवारी २०२३ च्या सविस्तर अहवालात ही संख्या किमान पंचवीसवर गेली. त्यांचे गुरू, डोमिनिकन धर्मगुरू थोमा फिलीप, ह्यांना अशाच दुराचरणाबद्दल १९५६ मध्येच रोमने शिक्षा केली होती, आणि लार्शच्या स्थापनेमागे त्यांच्याभोवतीचा जुना गट पुन्हा जमविण्याचा हेतूही होता, असे त्या अहवालाने दाखविले. पीडितांत दिव्यांग व्यक्ती असल्याचे आढळले नाही. परंतु ह्यामुळे पीडित स्त्रियांचे दुःख कणभरही हलके होत नाही.

तर मग त्या घरांचे काय? मला असे वाटते की, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या घरांतच पाहावे. समुदाय मोडले नाहीत. दोषाची चौकशी त्यांनी स्वतः करविली, ती छापली, आणि दुसऱ्या दिवशीही तेथे भाजी चिरली गेली. जे टिकले ते संस्थापकाच्या पुण्याईवर टिकले नव्हते. रोज सकाळी उठणाऱ्या, राबणाऱ्या अनामिक स्त्रीपुरुषांवर, आणि स्वतः दिव्यांगांवर, ते उभे होते. जे चुकले तेही स्पष्ट आहे. एका माणसाला प्रश्न विचारण्याचे धैर्य पन्नास वर्षे फारसे कोणाला झाले नाही, कारण तो साधू समजला जात होता. गीलमध्ये १८५० साली जो धडा मिळाला होता तो येथे विसरला गेला. ज्या घरात दुबळी माणसे राहतात तेथे बाहेरची नजर हवीच; मग घर चालविणारा धर्मगुरू असो, धर्मभगिनी असो वा महात्मा असो.

५. आपल्या अंगणात

आपल्याकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९१२ च्या भारतीय कायद्याने बौद्धिक दिव्यांग व वेडसर ह्यांना एकाच व्याख्येत बसविले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांना वेगळे काढले, पण त्यांची दुसरी सोय लावली नाही. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९३ मध्ये सांगावे लागले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने प्रथमच आईबापांच्या प्रश्नाला हात घातला : जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती प्रौढ दिव्यांगासाठी पालक नेमू शकते, आणि 'घरौंदा' ह्या योजनेखाली प्रौढांसाठी सामूहिक घरांची कल्पना पुढे आली. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला. त्याचे एकोणिसावे कलम म्हणते की, कोठे व कोणासोबत राहावे हे निवडण्याचा अधिकार दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. २०१६ च्या कायद्याने पालकत्वालाही मर्यादा घातली : त्या व्यक्तीच्या वतीने परस्पर निर्णय न घेता तिच्याशी विचारविनिमय करून तो घ्यावा.

कायद्याच्या आधी मात्र आईबाप पुढे झाले. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून विशेष शाळा सुरू केली. १९९० च्या दशकात पालकांनीच एकत्र येऊन बदलापूर येथे 'आधार' हे प्रौढांचे निवासस्थान उभे केले. बेळगाव, गोवे, इंदूर वा हैदराबाद येथील आपल्या लहान धर्मग्रामांना एवढी मोठी संस्था उभारणे जमणार नाही, आणि इतिहास पाहता ती उभारण्याची घाईही करू नये. परंतु धर्मग्रामात अशी कुटुंबे किती, ह्याची मोजदाद तर करता येईल. तीनचार कुटुंबांना एकत्र बसवून, स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज आईबाप हयात असतानाच करविता येईल. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या घरी जेवावयास, महिन्यातून एक रात्र मुक्कामास, अशी सवय लावता येईल. कारण आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी परक्या घरी जाणे आणि ओळखीच्या घरी जाणे ह्यांत फार अंतर आहे. आणि पुढे चारसहा जणांचे एखादे घर निघालेच, तर त्याचे दार रस्त्याकडे उघडणारे असावे, त्याचा हिशेब सर्वांसमोर वाचला जावा, आणि तेथे पूर्वसूचना न देता कोणीही जाऊ शकावे.

त्या ओसरीवरच्या भेटीकडे परत येतो. त्या दिवशी मी आईचे सांत्वन केले, प्रार्थना केली, आशीर्वाद दिला आणि निघालो. मुलाला तुला काय वाटते, तुला कोणाकडे राहावयास आवडेल, असे मी विचारले नाही. ते माझ्या मनातही आले नाही. हा लेख लिहिताना ती चूक माझ्या ध्यानात आली. पुढील घरभेटीत आरंभ तेथून करावयाचा आहे. तांदूळ निवडावयास त्याच्या शेजारी बसावे लागेल आणि वेळ लागेल. माझ्या सहकारी धर्मगुरूंनीही आपापल्या धर्मग्रामात असाच वेळ काढावा, एवढीच विनंती.